विंचवाच्या विषावर रक्तदाबाची गोळी

कोकणातल्या आरोग्य केंद्रात असताना, विंचू चावलेला पेशंट आला की मी आधी त्याचे हातपाय चाचपायचो. ओकाऱ्या, घामाने भिजलेला सदरा, लाळ आणि त्यात हातपाय गार लागले, की लाल विंचवाची शंका पक्की व्हायची.

हे विष मज्जातंतूंमधली सोडियमची दारं मिटूच देत नाही. तंतूंच्या टोकांतून अ‍ॅसिटिलकोलीन सुटतं. घाम, लाळ, उलटी ही त्याची करणी. पाठोपाठ अ‍ॅड्रेनलीन, नॉरअ‍ॅड्रेनलीन रक्तात उसळतं. रक्तवाहिन्यांच्या भिंतीतल्या अल्फा-१ रिसेप्टरवर ते बसलं, की वाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो, हृदय थकतं, फुफ्फुसांत पाणी भरतं. धडधाकट पोरं यात जायची.

महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी नेमका हाच रिसेप्टर अडवला, तोही प्राझोसिन या रक्तदाबाच्या साध्या गोळीने. १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचं हे काम छापून आलं, २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. खेड्यातल्या डॉक्टरने जगाला दिलेलं इतकं स्वस्त औषध मला दुसरं आठवत नाही.

घाम-लाळ पाहून अ‍ॅट्रोपिन टोचायचा मोह होतो. ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशक पोटात गेलेल्याला तेच वाचवतं, पण इथे आधीच धावणारी नाडी आणखी उधळते. गोळीनंतर पेशंटला झोपवूनच ठेवायचं. एकदम उठवलं तर रक्तदाब कोसळतो.

विंचू चावला तर मंत्र-उताऱ्यात वेळ घालवू नका, घरच्या घरी गोळीही देऊ नका. मुलाला उचला आणि थेट दवाखाना गाठा.