ताडपत्रीची घडी आणि उंदराचे दात

गेल्या सुगीतली गोष्ट. उचगावच्या एका शेतकरी बंधूंच्या खळ्यावर आम्ही सहज गेलो होतो. कापलेले भात पसरलेले, आणि सुळग्याच्या बाजूने आभाळ भरून आलेले. त्यांनी लगबगीने माळ्यावरची ताडपत्री खाली ओढली. घडीच्या एका कोपऱ्याला रुपयाएवढे एकच भोक दिसत होते. "एवढ्याने काय होते, फादर," असे म्हणत त्यांनी ती उलगडली आणि आम्ही दोघेही गप्प झालो. ताडपत्री आठ पदरी घडी घालून ठेवलेली होती. उंदराने एकदाच आरपार कुरतडले, आणि उलगडल्यावर आठ भोके निघाली. पाऊस अर्धाच तास पडला. पण भोकांखालचे भात भिजले, आणि वाळवायला ऊन मिळेपर्यंत त्याला कोंब आले.

उंदीर ताडपत्री खात नाही, हे आधी समजून घेतले पाहिजे. त्याचे पुढचे चार दात आयुष्यभर वाढत राहतात. ते झिजवले नाहीत तर त्याला तोंड मिटता येणार नाही. म्हणून लाकूड, साबण, ट्रॅक्टरच्या वायरीवरचे प्लास्टिक, मोटरसायकलचे कव्हर, जे सापडेल ते तो कुरतडतो. शिवाय मादीला बाळंतपणासाठी मऊ, अंधारी, कोरडी जागा हवी असते, आणि कापडाची घडी म्हणजे तिला आयते बाळंतघर. तीन आठवड्यांत पिल्ले होतात, एका वेळेला सहा-आठ. आणि तिला तिथे बोलावतो कोण? आपणच. मळणी झाली की ताडपत्री झटकून घडी घालायची, आणि त्या घडीत भाताचे दाणे, भुईमुगाचे चार दाणे, रताळ्यांची माती तशीच ठेवायची. त्या वासावरच उंदीर येतो.

प्रत्येक भोक उंदराचेच असते असे नाही. जाड सुती ताडपत्री जमिनीला टेकलेल्या बाजूने मातकट होऊन चाळण झाली असेल, तर ती वाळवी. झाडाखाली उभ्या गाडीच्या कव्हराचे धागे उपसलेले दिसले, तर ती बहुधा खार. घरट्यासाठी ती कापूस आणि काथ्या पळवते. घूस मात्र खालून माती उकरून येते, तिची वाट लगेच ओळखू येते.

उपाय साधा आहे, पण कंटाळवाणा. ताडपत्री झाडावी, साबणाच्या पाण्याने धुवावी, दोन्ही बाजूंनी कडकडीत वाळवावी आणि मग आत घ्यावी. दिवसेंदिवस उन्हात पडू देऊ नये, उन्हाने प्लास्टिक ठिसूळ होते. घडी घालण्यापेक्षा बांबूवर गुंडाळून आढ्याला तारेने टांगावी, भिंतीपासून व जमिनीपासून तीन फूट दूर. तारेवरूनही उंदीर उतरतो. म्हणून तारेत पत्र्याचे मोठे गोल झाकण ओवावे. बंदरात उभ्या जहाजांच्या दोरांना अशाच चकत्या लावतात. लहान कव्हरांना झाकणाचे पत्र्याचे पिंप उत्तम. दाराखालची अर्ध्या इंचाची फटसुद्धा उंदराला पुरते, तिथे पत्रा ठोकावा. डांबरगोळ्यांनी उंदीर पळतो असे पुष्कळ जण सांगतात. आम्हीही ठेवून पाहिल्या, आणि गोळ्यांशेजारीच लेंड्या सापडल्या.

आता कापडापेक्षा मोठी गोष्ट. लेप्टोस्पायरोसिसचे जंतू उंदराच्या मूत्रपिंडात राहतात. तो आजारी पडत नाही, पण त्याच्या लघवीतून ते पाण्यात, चिखलात, ओल्या कापडावर उतरतात. आपल्या पायाची भेग, हातावरची चीर, डोळा, एवढी वाट त्यांना पुरते. ॲडॉल्फ वाइल या जर्मन डॉक्टरांनी १८८६ साली या आजाराच्या गंभीर रूपाचे वर्णन केले. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत याची मोठी साथ आली होती. पण हा केवळ शहराचा आजार नव्हे. मार्कंडेयच्या काठी गुडघाभर चिखलात भात लावणाऱ्यांचाही तो आजार आहे.

बहुधा पाच ते चौदा दिवसांनी थंडी वाजून ताप येतो. डोके दुखते, डोळे लाल होतात, पोटऱ्या इतक्या दुखतात की हात लावू देववत नाही. पुढे कावीळ होते, लघवी कमी होते. सुरुवातीलाच योग्य औषध मिळाले तर माणूस बरा होतो. उशीर झाला तर मूत्रपिंडे आणि फुप्फुसे जातात. म्हणून "अंग मोडून आले" म्हणत इंजेक्शनवर चार दिवस काढू नका. डॉक्टरांना आपण होऊन सांगा, की आठ दिवसांपूर्वी उंदरांची अडगळ काढली होती, किंवा चिखलात काम केले होते. ते न विचारता सांगितले तर अर्धे निदान तिथेच होते. अडगळ काढताना गमबूट आणि रबरी हातमोजे घालावेत. लेंड्या कोरड्या झाडू नयेत. आधी ब्लीचिंग पावडरचे पाणी शिंपडावे. हे जंतू उन्हाने आणि कोरडेपणाने मरतात, हेही ताडपत्री वाळवण्याचे एक कारण.

विषाबद्दल थोडे कडक लिहिणे भाग आहे. झिंक फॉस्फाइडची काळी पूड पोटात गेली की तिचा विषारी वायू होतो, आणि त्यावर उतारा नाही. ती घरच्या भांड्यात कालवू नका. धान्यात ठेवायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांतूनही तोच वायू निघतो. राहत्या घरातल्या बिळात त्या टाकणे म्हणजे झोपलेल्या मुलांच्या उशाशी मरण ठेवणे. पिवळ्या फॉस्फरसची मलमासारखी पेस्ट आणखी फसवी. पोटात गेल्यावर उलट्या होऊन माणूस दोन दिवस बरा वाटतो, आणि मग यकृत निकामी होते. बरे दिसणाऱ्या मुलालाही लगेच इस्पितळात न्या. ब्रोमॅडिओलोनच्या वड्यांनी रक्त गोठत नाही, पण त्यावर जीवनसत्त्व के-१ हा उतारा आहे. वेष्टन फेकू नका, डॉक्टरांना दाखवायला लागते.

आम्हांला विचाराल तर सापळा बरा. त्याहून बरी धामण आणि गव्हाणी घुबड. धामण दिसली की काठी शोधायची आणि घुबड ओरडले की अपशकुन म्हणायचे, हे आपल्यातही चालते. विष खाऊन मेलेला उंदीर घुबडाने खाल्ला तर घुबडही मरते, म्हणून मेलेले उंदीर उकिरड्यावर न टाकता खोल पुरावेत.

त्या बंधूंनी यंदा आठ भोकांना ठिगळे लावली आहेत. ताडपत्री आता बांबूवर आहे. झाकण मात्र अजून ओवायचे राहिले आहे, असे ते परवा सांगत होते.