चार आयत, एक स्वेटर!

खरं सांगू? या स्वेटरची सुरुवात माझ्या कंजूषपणातून झाली.

नोव्हेंबरातली संध्याकाळ. वाकडच्या बाजूला एका मॉलमध्ये हँगरवर एक ऑफ-व्हाइट स्वेटर दिसला. जाळीदार, सैलसर, खांद्यावरून मस्त घरंगळणारा. क्रोशाचा! टॅग उलटला, ३,४९९ रुपये. फ्रीलान्सरची महिनाअखेर म्हणजे काय, हे ज्याचं त्यालाच माहीत. ट्रायल रूममध्ये घालून फोटो काढला, स्वेटर गुपचूप परत लावला आणि डांगे चौकातल्या ट्रॅफिकमधून रांगत रांगत थेरगावला घरी आले. डोक्यात प्लॅन तयार होता. आमच्याच बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावरच्या काकू क्रोशाचं काम करतात ना!

"काकू, अस्सा कराल? सूत मी आणते. मजुरीचे चारशे देते."

चारशे हा आकडा कुठून आला, विचारू नका. तोंडात आला, बोलून टाकला.

काकूंनी चष्मा लावला, फोटो मोठा करून पाहिला आणि हसल्या. "अगं, हा तर नुसत्या चार आयतांचा आहे. पुढचा, मागचा आणि दोन बाह्या. ना मुंढ्याला घाट, ना गळ्याला. मी कशाला पाहिजे? तूच कर. मी शिकवते."

मला वाटलं, काय गोड बाई आहे! चारशे वाचले! त्या नकार देत होत्या, हे कळायला मला दोन महिने लागले.

टेप आणा, गणित मांडा

क्रोशा म्हटलं की आपल्या पिढीला काय आठवतं? टीव्हीवरचं कव्हर, दारावरचं तोरण आणि बाळंतविड्यातलं टोपडं. स्वतःसाठी स्वेटर म्हटलं की मात्र पोटात गोळा येतो, कारण मुंढे कमी करा, गळा गोल करा, टाके घटवा-वाढवा. आयतांच्या स्वेटरमध्ये यातलं काहीच नाही. सरळ विणायचं, लांबी झाली की थांबायचं. आपल्याला हे नवीनही नाही म्हणा. साडी, धोतर, उपरणं सगळे आयतच की! अंगावर कसे बसवायचे, ती खरी युक्ती.

काकूंनी आधी टेप लावला. माझी छाती ३६ इंच. सैलपणासाठी ४ इंच जास्त, म्हणजे घेर ४०. त्याचे दोन भाग. म्हणून पुढचा आणि मागचा आयत प्रत्येकी २० इंच रुंद, २२ इंच लांब. आयत रुंद असल्याने खांदा दंडावर उतरतो, त्यामुळे बाही जेमतेम १४ इंच लांब पुरते. मुंढा ८ इंच खोल हवा, म्हणून बाहीची रुंदी त्याच्या दुप्पट, १६ इंच. झालं डिझाइन! दहावीचं प्रमेयसुद्धा याहून कठीण होतं.

खरेदीसाठी पिंपरी कॅम्पात गेले. काकूंची सक्त ताकीद होती: सुती दोरा घे, ॲक्रिलिक नको. कारण हा स्वेटर थंडीचा नाहीच, तो एसीचा आहे! जाळीतून वारा आरपार जातो. पण बाहेर ऊन आणि ऑफिसात १८ डिग्री अशा हवामानात त्याच्यासारखं दुसरं काही नाही. मला साडेतीनशे ग्रॅम सूत आणि ४ मिलिमीटरची क्रोशाची सुई लागली. बस्स, एवढंच भांडवल.

एक घर, मग दुसरं घर

क्रोशात टाके मोजकेच. साखळी, मुका खांब, अर्धा खांब आणि खांब. सुईवर दोऱ्याचा एक वेढा घ्यायचा, सुई खालच्या टाक्यात घालायची, दोरा ओढून घ्यायचा आणि दोन-दोन फंदे करत सोडवायचे. झाला खांब. जाळीसाठी दोन साखळ्या, खालचे दोन टाके सोडून एक खांब, पुन्हा दोन साखळ्या, पुन्हा खांब. दोन खांबांमधली ती चौकोनी खिडकी म्हणजे 'घर'. अशी घरंच घरं झाली की तयार झाली जाळी!

पण थेट आयताला हात घालायचा नाही. आधी ४ इंचांचा नमुना विणून बघायचा. माझ्या नमुन्यात रुंदीला ६ घरं बसली. म्हणजे २० इंचांत ३० घरं. सुरुवातीच्या साखळ्यांचं सूत्र सोपं आहे: घरं गुणिले तीन, अधिक पाच. म्हणून ९५ साखळ्या. पहिला खांब सुईपासून आठव्या साखळीत. बाहीची घरं २४, म्हणून साखळ्या ७७. नमुना न विणता केलेला स्वेटर अंगाला होईल की उशीला, ते नशिबावर!

आता माझी फजिती ऐका. आठवडाभर रोज रात्री हेडफोन लावून विणलं आणि रविवारी ऐटीत काकूंना दाखवायला नेलं. त्यांनी आयत पलंगावर पसरला. खाली ३० घरं, वर २४. आयत कुठला, शाळेतला समलंब चौकोन!

"शेवटचा खांब खातेस तू," काकू म्हणाल्या. ओळ संपली की काम फिरवायचं आणि ५ साखळ्या घालायच्या. त्यातल्या तीन म्हणजे नव्या ओळीचा पहिला खांब आणि दोन म्हणजे घराचं छत. परतताना शेवटचा खांब खालच्या ओळीतल्या त्याच साखळ्यांमधल्या तिसरीत घालावा लागतो. ती दिसत नाही, म्हणून नवशिके ती सोडतात. एकेक घर गळत जातं.

"मग आता?"

"आता उसव."

क्रोशाचं बरं असतं. सुईवर जिवंत फंदा एकच असतो. सुई काढा, दोरा ओढा, सर्र करून सगळं सुटतं. एका आठवड्याचं काम चार मिनिटांत पुन्हा गुंडा होऊन मांडीवर आलं. खोटं नाही सांगत, डोळ्यांत पाणी आलं.

आमच्या घरात टाइम स्टडी

माझी रूममेट चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत प्रॉडक्शन प्लॅनिंगला आहे. तिच्या जगात प्रत्येक कामाला सायकल टाइम असतो, तोही सेकंदांत. एका रविवारी ती माझ्याबरोबर काकूंकडे आली आणि सवयीप्रमाणे मोबाइलवर स्टॉपवॉच लावून बसली.

काकूंचा वेग मिनिटाला ८ घरं. माझा ३, तोही चांगल्या दिवशी.

मग तिने कागद ओढला. पुढच्या आयतात ३० घरांच्या ५० ओळी, म्हणजे १,५००. मागचा तेवढाच. बाहीत २४ घरांच्या ३२ ओळी, ७६८. दोन बाह्या १,५३६. एकूण ४,५३६ घरं. काकूंच्या वेगाने साडेनऊ तास. चार आयत जोडणं, काठ घालणं, दोऱ्याची टोकं लपवणं, त्याचे ३ तास. कारखान्यात कामगाराच्या विश्रांतीसाठी वेळ धरतात तसा थोडा धरला. सगळं मिळून १४ तास.

"आणि तू किती देणार होतीस?" तिने विचारलं.

चारशे भागिले चौदा. तासाला साडेअठ्ठावीस रुपये.

खोलीत दोन मिनिटं कुणीच बोललं नाही. काकू खाली बघून विणत होत्या. मग म्हणाल्या, "आमच्या ह्यांना कंपनीत ओटीचे डबल मिळायचे. नाइट शिफ्टला हे गेले की मी विणत बसायचे. माझ्या ओटीचं कोण देणार? सगळे म्हणतात, घरी बसून तर करता." आणि पुढचं वाक्य त्या अगदी सहज बोलल्या, "म्हणून तुला नाही म्हटलं गं. तू शेजारची. भांडण नको आणि कामही नको."

जे मशिनला जमलं नाही

त्या रात्री मी बरंच वाचून काढलं. दोन सुयांच्या विणकामाचं मशिन विल्यम लीने इंग्लंडमध्ये १५८९ सालीच बनवलं. क्रोशाचं मात्र कारखान्यात चालेल असं खरं मशिन आजही नाही. दोन सुयांच्या कामात अख्खी ओळ सुयांवर उभी असते, ती मशिनला धरता येते. क्रोशात फंदा एक आणि सुई प्रत्येक वेळी नव्या जागी खुपसायची. ती जागा बोटं चाचपून शोधतात. क्रोशासारखं दिसणारं कापड मशिनवर निघतं, पण खरा क्रोशा असेल तर तो कुणीतरी हाताने विणलेलाच असतो. म्हणजे मॉलमधला ३,४९९चा असो की फुटपाथवरचा ४९९चा, तो खरा असेल तर त्यामागे कुणाचे तरी तास आहेत. इथून तासाभरावर रोबो गाड्यांचं वेल्डिंग करतात आणि दुसऱ्या मजल्यावर काकू जे करतात, ते त्यांना जमत नाही!

तुकडे वेगळे विणून जोडायची युक्तीही जुनीच. आयर्लंडमध्ये १८४०च्या दशकातल्या दुष्काळात अनेक घरं क्रोशाच्या लेसवर तगली. बायका फुलं-पानं सुटी विणायच्या आणि नंतर ती जाळीने जोडली जायची. आपल्याकडे मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स या ग्रुपच्या बायकांनी ठिकठिकाणी विणलेले चौकोन जोडून २०१६मध्ये चेन्नईत ११,१४८.५ चौरस मीटरची चादर पसरली आणि गिनेस रेकॉर्ड केलं.

पण मला सगळ्यात जास्त टोचलं ते आंध्रातलं नरसापूर. मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात तिथे क्रोशाची लेस शिकवली, ती परदेशी जायला लागली. समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी तिथल्या बायकांवर १९८२मध्ये पुस्तक लिहिलं. घरकाम सांभाळून या बायका दिवसाचे सहा ते आठ तास लेस विणायच्या, पण त्यांना कामगार कुणी म्हणत नव्हतं. त्या 'गृहिणी', लेस म्हणजे 'रिकाम्या वेळेतलं' काम, म्हणून मजुरी नाममात्र. नरसापूरच्या लेसला २०२४मध्ये जीआय टॅग मिळाला. नाव झालं, छान झालं. पण 'घरी बसून तर करता' हे वाक्य तिथलंही आणि आमच्या जिन्यावरचंही. दोन महिन्यांपूर्वी मी तेच बोलले होते, फक्त आकड्यात.

जोडणी

जानेवारीच्या शेवटी माझे चारही आयत तयार झाले. आधी ते ओले करून, मापात ताणून, टाचण्या लावून पलंगावर वाळवले. त्याशिवाय जाळी उघडत नाही. मग खांदे जोडले. दोन्ही बाजूंनी ५-५ इंच शिवायचं आणि मधले १० इंच मोकळे सोडायचे, तोच गळा! खांद्याच्या शिवणीपासून ८ इंचांवर खूण, बाहीचा मध्य खांद्याच्या शिवणीवर, आणि मग बाहीपासून कमरेपर्यंत एकच लांब शिवण. गळ्याला आणि खाली मुक्या खांबांचा काठ. एक टीप लक्षात ठेवा: हा स्वेटर धुतल्यावर दोरीवर टांगू नका. ओल्या सुताच्या वजनाने लांब होऊन त्याचा गाऊन होतो. आडवा पसरूनच वाळवा.

माझ्या डायरीत एकूण तास लागले ४३, उसवण्यासकट. डावी बाही उजवीपेक्षा जरा ढिली आहे. सांगितल्याशिवाय कळत नाही, म्हणून मी सगळ्यांना सांगते. परवा एका मीटिंगला घालून गेले, तर समोरची म्हणाली, "वॉव, कितीला?" मी म्हटलं, "४३ तासांना."

मग काकूंकडे गेले. आईसाठी असाच एक हवा होता, आणि या वेळी विचारलं, "तुमचा दर काय?" काकू गप्पच. शेवटी रूममेटने तासाला शंभर असा हिशोब मांडला. १,४०० रुपये, सूत वेगळं. काकूंना तो फार वाटला. खरं सांगते, क्षणभर मलाही वाटला! 'बाराशेत होईल का' हे ओठांवर आलेलं गिळलं आणि पैसे आगाऊ देऊन टाकले.

गेल्या आठवड्यात काकूंनी आईच्या अर्ध्या झालेल्या स्वेटरचा फोटो आणि दर सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. पाच मिनिटांत पहिला रिप्लाय आला: "एवढे?? घरीच तर करता ना काकू?"

काकू टायपिंग... टायपिंग... आणि थांबल्या. मग मीच लिहिलं: "४,५३६ घरं आहेत त्यात. रविवारी या, एक विणून बघा."

रविवारी तिघी आल्या. एकीने ऑर्डर दिली, एक आता शिकतेय आणि तिसरी "महागच आहे" म्हणत चहा पिऊन गेली. काकूंनी दर मात्र उतरवला नाही.