बॉक्सर गेला पोहायला!

गॅदरिंगच्या क्विझमध्ये प्रश्न आला, "ऑलिंपिकमध्ये वैयक्तिक सुवर्णपदक जिंकणारा पहिला भारतीय कोण?" मी बझर दाबला आणि छातीठोकपणे सांगितलं, "मुरलीकांत पेटकर!" उत्तर चूक. बरोबर उत्तर अभिनव बिंद्रा, बीजिंग २००८. आमच्या विंगची ट्रॉफी गेली आणि त्या रात्री मेसमध्ये मला कुणी जागा दिली नाही. चूक माझीच. पेटकरांचं सुवर्ण पॅरालिंपिकमधलं, पण ते १९७२ चं आहे, म्हणजे बिंद्राच्या ३६ वर्षं आधीचं!

पेटकर सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे. लहान वयातच सैन्यात गेले आणि तिथे बॉक्सर झाले. आमच्या शेळगावला यात्रेत कुस्त्यांचा फड लागतो, पण ग्लोव्हज मी पहिल्यांदा पाहिले ते इथे होस्टेलवर. गावाकडच्या पोराला बॉक्सिंग भेटायचं ते बहुधा फौजेतच. तिकडे हंगेरीच्या लास्लो पापने १९४८, १९५२ आणि १९५६ अशी लागोपाठ तीन ऑलिंपिक सुवर्णं घेतली होती. १९६४ मध्ये पेटकर सेनादलांच्या स्पर्धेसाठी टोकियोला जाऊन आले. पुढच्याच वर्षी युद्ध झालं. गोळ्या लागल्या, एक मणक्यातच राहिली आणि कमरेखालचं शरीर लुळं पडलं. बॉक्सिंग संपलं.

मुंबईच्या नौदल रुग्णालयात उपचार म्हणून त्यांना पाण्यात उतरवलं. हे का, ते आपल्या फ्लुइड मेकॅनिक्सवाल्यांना लगेच कळेल. पाणी शरीराचं बरंचसं वजन उचलून धरतं, त्यामुळे जमिनीवर न जमणारी हालचाल पाण्यात जमते. पण उपचार वेगळा आणि शर्यत वेगळी. पाय मारता येत नसले की कंबर खाली जाते, शरीर तिरकं होतं आणि पाण्याचा विरोध वाढतो. शिवाय वेग दुप्पट केला तर हा विरोध साधारण चौपट होतो! सगळी भिस्त खांद्यांवर आणि दमावर. मला वाटतं, ठोसे मारून कमावलेले खांदे इथे उपयोगी पडले असणार. मी स्वतः पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलो. मागच्या महिन्यात दोन्ही पायांत दोरी अडकवून टँकमध्ये ५० मीटर मारून पाहिले. अर्ध्यातच कठडा धरला.

१९६८ ला तेल अवीवच्या पॅरालिंपिकमध्ये पेटकर टेबल टेनिस खेळले. १९७२ चं ऑलिंपिक म्युनिकला होतं, पण तिथल्या क्रीडाग्रामाचे फ्लॅट विकायचे ठरले होते, म्हणून पॅरालिंपिक हायडेलबर्गला हलवलं. ऑगस्टमध्ये तिथे ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये, त्यांच्या गटात, पेटकरांनी ३७.३३ सेकंदांचा विश्वविक्रम करून सुवर्ण घेतलं. कॅल्क्युलेटर काढा: सेकंदाला १.३४ मीटर, तेही फक्त हातांनी! काही आठवड्यांनी म्युनिकला हंगेरीच्या ग्योर्गी गेडोने बॉक्सिंगचं सुवर्ण जिंकलं. भारताच्या वाट्याला तिथे हॉकीचं ब्राँझ तेवढं आलं.

पेटकरांना पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये, म्हणजे ४६ वर्षांनी. २०२४ मध्ये 'चंदू चँपियन' सिनेमा आला आणि मग विंगमधली पोरं माझ्याकडे जरा आदराने बघायला लागली. ट्रॉफी मात्र अजून समोरच्या विंगमध्येच आहे.