ऑटोपायलटला विमानाची ओळख करून देताना

१८ जून १९१४. पॅरिसजवळ सीन नदीवरून उडताना लॉरेन्स स्पेरी या तरुण अमेरिकी वैमानिकाने दोन्ही हात वर केले आणि त्याचा मेकॅनिक एमिल काशँ चक्क पंखावर चालत गेला. एका बाजूला माणसाचा भार पडूनही विमान कलंडले नाही. जायरोस्कोपच्या यंत्रणेने, म्हणजेच ऑटोपायलटने, ते सावरून धरले. तीच करामत आज घरच्या गॅरेजमध्ये बांधलेल्या चिमुकल्या विमानांतही दिसते.

अमेरिकेत निम्म्याहून अधिक काम हौशी माणसांनी स्वतः केलेले असेल, तर विमानाची नोंद ‘एक्सपेरिमेंटल’ वर्गात होऊ शकते. ओरेगॉनच्या ‘व्हॅन्स’ कंपनीच्या किटवरून बांधलेली आरव्ही विमाने त्यांत सर्वांत लोकप्रिय आहेत. त्यांत डायनॉन किंवा गार्मिन अशा कंपन्यांचा ऑटोपायलट बसवला जातो. पण आराखडा एक असला, तरी बांधणारे हात वेगळे असतात. एखाद्याच्या एलेरॉनची, म्हणजे पंखाच्या मागच्या बाजूच्या हलत्या फळीची, कड किंचित गोल राहते, दुसऱ्याच्या दांड्या जड फिरतात. म्हणून ऑटोपायलटच्या कंपनीने दिलेले जुळणीचे आकडे ही फक्त सुरुवात असते. पुढची जुळणी मालकानेच करायची.

पंख डावी-उजवीकडे कलण्याला रोल म्हणतात. ऑटोपायलटचा सर्वो, म्हणजे एक छोटी मोटर, दांडीने एलेरॉनच्या यंत्रणेला जोडलेला असतो. पंख कलला की किती जोराने उत्तर द्यायचे, हे ‘गेन’ नावाचा आकडा ठरवतो. गेन कमी असेल तर विमान सुस्तावते, ठरलेली दिशा ओलांडून पुढे जाते, मग परत येते आणि संथपणे नागमोडी उडत राहते. गेन जास्त झाला तर वैमानिकाच्या हातातली स्टिक भराभर थरथरू लागते. संथ नागमोड दिसली तर आकडा वाढवायचा, झटपट थरथर जाणवली तर उतरवायचा, हा ढोबळ नियम.

पण दोष अनेकदा आकड्यात नसून लोखंडात असतो. सर्वोच्या जोडात जराशी ढिलाई असली, तर मोटर हलते, एलेरॉन मात्र उशिरा हलतो आणि पंख सतत डुलत राहतात. तिथे कितीही गेन बदला, दुखणे जात नाही. आधी नट-बोल्ट तपासा. एका पंखाच्या टाकीत दुसऱ्यापेक्षा दहा गॅलन पेट्रोल जास्त असेल, तर त्या बाजूला सुमारे २७ किलोंचा जादा भार असतो. तो बिचारा सर्वो ओढत बसतो. म्हणून विमान आधी हाताने ट्रिम करून, म्हणजे स्टिक सोडली तरी कलणार नाही असे समतोल करून, सरळ उडवायचे आणि मगच ऑटोपायलट लावायचा.

वेगाचाही हिशोब ठेवावा लागतो. हवेचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट झाला की एलेरॉनची तीच हालचाल चौपट बळ निर्माण करते. शिवाय सेकंदाला तीन अंशांनी वळण्यासाठी ८० नॉटला सुमारे १२ अंश कल पुरतो, तर १६० नॉटला जवळजवळ २४ अंश लागतो. प्रवासाच्या वेगाला जुळवलेला आकडा उतरण्याच्या वेगाला पुन्हा पारखून घ्यावा, तो यासाठी.

चाचणी सकाळच्या शांत हवेत, भरपूर उंचीवर करावी. एका वेळी एकच आकडा बदलावा, बदल वहीत टिपावा, नव्वद अंशांची वळणे घेऊन बघावे. शेजारी दुसरा वैमानिक असावा. एकाचे डोळे पडद्यावर असतील, तेव्हा दुसऱ्याचे बाहेर हवेत.

सर्वांत महत्त्वाचा आकडा टॉर्कचा, म्हणजे सर्वोच्या ताकदीच्या मर्यादेचा. तो इतकाच ठेवायचा, की यंत्र बिघडले तरी माणसाचा हात त्यावर मात करू शकेल. जमिनीवरच ऑटोपायलट लावून स्टिक जोराने फिरवून पाहावी. बंद करण्याचे बटण चालते का, हेही तिथेच तपासावे.

कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर विमान बांधणारे कॅप्टन अमोल यादव मराठी वाचकांना परिचित आहेत. २०१६च्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात ते विमान साऱ्या देशाने पाहिले. बांधणी संपली तरी परवानग्या आणि चाचण्यांचा मोठा पल्ला उरतो, हे त्यांच्या प्रवासाने दाखवून दिले. आपल्याकडची जी मुले उद्या विमान बांधायचे स्वप्न बघतात, त्यांनी रिव्हेट मारण्याइतकीच जुळणीच्या वहीवरही माया करावी. कारण ऑटोपायलट कितीही हुशार असला, तरी विमानाची जबाबदारी वैमानिकाचीच असते.