उन्हाळ्यांतला सुगंध : संत्रें कीं हिरवा चाफा?

वैशाखांत गोंदिया जिल्ह्यांत पारा ४५ अंशांच्या आसपास चढतो, तेव्हां हिन्याचें अत्तर कोणास सोसवेल? हिना हिवाळ्याचा आणि वाळा उन्हाळ्याचा, ही जुनी वाटणी सर्वांस ठाऊक आहेच. परंतु तरुण मंडळींस हल्लीं फळांच्या वासाचें कांहीं तरी हलकें हवें असतें. आणि मग घरांत प्रश्न निघतो कीं, संत्र्या-लिंबाच्या वासाचें कोलनवॉटर घ्यावें, कीं हिरव्या चाफ्याचें अत्तर?

हिरवा चाफा हा नांवाचाच चाफा. त्याचें कूळ सीताफळाचें. फूल पानाच्या रंगाचें असतें तोंवर कोणास पत्ता लागत नाहीं. पिवळट पडूं लागलें म्हणजे पिकल्या फळांचा घमघमाट सुटतो. पिकलेल्या फळांत एस्टर नांवाचीं जीं द्रव्यें असतात, त्याच जातीचीं द्रव्यें या फुलांतहि आहेत. त्याचें अत्तर तेलकट असल्यामुळें अंगावर दिवसभर टिकतें आणि उन्हानें अधिकच उठतें. संत्र्याचा वास सालींतील तेलाचा. त्यांतील लिमोनीन लवकर उडतें, म्हणून कोलनवॉटर तासाभरांत विरतें आणि पुष्कळजण पैसे फुकट गेले म्हणून हळहळतात. आमच्या मतें हाच त्याचा गुण आहे. दहा-बारा माणसें जेथें एका पंख्याखालीं जेवतात, तेथें एकाचा सुगंध दुसऱ्याची डोकेदुखी होऊं नये. घरांत गर्भवती सून किंवा अर्धशिशीनें पीडलेल्या आत्याबाई असतील, तर विचारावयासच नको.

शिवाय या भागाची एक गोष्ट निराळी आहे. चैत्रांत नवेगांव-नागझिऱ्याच्या बाजूस मोहाचीं फुलें पहांटे गळतात, वेंचून अंगणांत वाळत घातलीं जातात, आणि त्यांचा गोड उग्र दर्प गांवभर पसरतो. त्यांत हिरव्या चाफ्याची भर पडली कीं पिकलेपणा अति होतो. संत्र्याचा आंबट वास मात्र त्या गोडीस छेद देतो.

म्हणून आमचा कौल कोलनवॉटरला. परंतु तें अंगावर लावून उन्हांत मुळींच जाऊं नये. त्यांत बहुधा बर्गामोट नांवाच्या ईडवर्गीय फळाच्या सालीचें तेल घालीत असत. अशा तेलांवर ऊन पडलें म्हणजे कातडीवर तपकिरी डाग उठतात, हें १९१६ सालींच नोंदलें गेलें आहे. पुढें कारखानदारांनीं तें द्रव्य पुष्कळ कमी केलें, तरी बाटलींत काय आहे हें आपणांस दिसत नाहीं. रुमालावर शिंपडावें, आणि मद्यार्क उडून जाईपर्यंत चुलीपाशीं अथवा निरांजनाजवळ जाऊं नये. दुकानांत बूच हुंगून निवड करणें तर व्यर्थच. कापडावर थेंब घेऊन बाजारभर हिंडावें, आणि तासाभरानें पुन्हां हुंगावें.

हिरव्या चाफ्याचा मोह ज्यांस आवरत नाहीं, त्यांनीं अत्तराऐवजीं वेलच लावावी. एखादें पिवळें फूल पाण्याच्या वाटींत घालून सायंकाळीं ओसरीवर ठेवावें. आत्याबाईंनीं नाक मुरडलेंच, तर वाटी उचलून अंगणांत नेतां येते.