नोकरी सोडली, खाते मात्र उघडेच!

सातारा - कॉल सेंटरमध्ये नोकरी करायची, तर सातारा-सांगलीच्या तरुणांना बहुधा पुण्याची वाट धरावी लागे. दूरसंचार विभागाने नोव्हेंबर २०२० मध्ये या क्षेत्राचे नियम शिथिल केले आणि घरून काम करण्याचा मार्ग मोकळा झाला. संपर्क केंद्राची यंत्रणा इंटरनेटवर, म्हणजे 'क्लाउड'वर असेल, तर कराड वा मिरजेतील घरातूनही ग्राहकांचे कॉल घेता येतात. मात्र कार्यालयाच्या दारावर ओळखपत्र तपासणारा सुरक्षारक्षक येथे नसतो. त्याचे काम वापरकर्त्याचे खाते करते. म्हणूनच ते कोण उघडतो आणि केव्हा बंद करतो, याला महत्त्व आहे.

खात्यात काय असते?
अ‍ॅमेझॉनने मार्च २०१७ मध्ये सुरू केलेल्या 'कनेक्ट' या सेवेचे उदाहरण घेऊ. तिच्यात प्रत्येक खात्याला दोन गोष्टी जोडाव्या लागतात. कोणत्या रांगेतील कॉल कर्मचाऱ्याकडे वळवायचे, हे 'राउटिंग प्रोफाइल' ठरवते. त्याला काय पाहता आणि बदलता येईल, हे 'सिक्युरिटी प्रोफाइल' ठरवते. कॉल घेणाऱ्याला प्रशासकाचे अधिकार देण्याचे कारण नाही.

शेकडो खाती हाताने सांभाळणे जिकिरीचे असते. त्यासाठी प्रोग्रामिंग लायब्ररी, म्हणजे तयार आज्ञांचा संच, वापरतात. पायथन भाषेसाठी 'बोटो३' ही लायब्ररी आहे. 'क्रिएट यूजर' या आज्ञेने खाते उघडते, दुसऱ्या आज्ञेने अधिकार बदलतात, 'डिलीट यूजर'ने ते काढून टाकले जाते. काढलेल्या व्यक्तीच्या नावाचा 'क्विक कनेक्ट', म्हणजे तिच्याकडे कॉल वळवण्याची सोय, मात्र वेगळ्या आज्ञेने काढावी लागते.

पुण्याचा धडा
एप्रिल २००५ मध्ये पुण्यातील एमफॅसिस कंपनीच्या कॉल सेंटरमधील काही माजी कर्मचाऱ्यांसह अनेकांना पोलिसांनी अटक केली. सिटीबँकेच्या अमेरिकी खातेदारांकडून गोडीगुलाबीने पिन क्रमांक मिळवून सुमारे साडेतीन लाख डॉलर वळवल्याचा आरोप त्यांच्यावर होता. ग्राहकाने स्वतःच सांगितलेला पिन कोणतीही आज्ञा लपवू शकत नाही, हे खरे. पण मर्यादित अधिकार आणि प्रत्येक बदलाची नोंद असेल, तर गैरप्रकाराला वाव कमी राहतो आणि तपासाला धागा मिळतो.

जबाबदारी कोणाची?
खाते उघडण्याची घाई सर्वांनाच असते, कारण त्याशिवाय काम सुरू होत नाही. बंद करण्याची निकड कोणालाच जाणवत नाही. राजीनाम्याची नोंद मनुष्यबळ विभागाकडे राहते आणि संगणक विभागाला ती कळतच नाही. हे दोन विभाग लायब्ररीच्या साह्याने जोडले, तर शेवटच्या दिवशी खाते आपोआप बंद करता येते. ही आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रामची गुप्त किल्लीही तितकीच जपावी लागते. ती ज्याच्या हाती, त्याला हवी तितकी खाती उघडता येतील.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात सुरक्षेतील हलगर्जीबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. कंपनीला दंडाची भीती, तर कर्मचाऱ्याला नावाची. आपल्या उघड्या राहिलेल्या खात्यातून दुसऱ्याने काही केले, तर पहिली विचारणा आपल्याकडेच होते. त्यामुळे नोकरी सोडताना अनुभवपत्राबरोबरच खाते बंद झाल्याचे लेखी उत्तरही मागून घ्यावे, हे उत्तम.