कृषिपंपाचा मोबाइल स्टार्टर : स्वतः जोडणी करण्यासंबंधी एक विवेचन

प्रस्तावना

शीत प्रदेशांत घरात बसून अंगणातील मोटारगाडी दूरनियंत्रकाने सुरू करण्याची सोय लोकप्रिय आहे. धामणगाव रेल्वे परिसरात मात्र 'मोटार' म्हटले की प्रथम डोळ्यांपुढे येते ती विहिरीवरची. कृषी वाहिन्यांवरील त्रिफेज वीज ठरावीक तासच आणि बहुधा दिवसा-रात्री आलटून-पालटून मिळत आली आहे. 2017 साली सुरू झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेमुळे दिवसाचा पुरवठा वाढत असला, तरी हरभऱ्याच्या वा संत्र्याच्या ओलितासाठी मध्यरात्री शेत गाठणे अद्याप सर्वांचे सुटलेले नाही. साप, रानडुक्कर आणि ओल्या हाताने उघडलेली स्टार्टरची पेटी ही त्या फेरीतील भीती होय.

या गरजेतून पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांनी 'नॅनो गणेश' हे मोबाइलवरून पंप चालविणारे उपकरण विकसित केले. आज तशा प्रकारची अनेक उपकरणे बाजारात आहेत व पुष्कळ शेतकरी ती स्वतःच बसवितात. ही जोडणी नेमकी कशी असते आणि ती कोठे चुकते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

स्टार्टरमधील मूळ मंडल

साध्या स्टार्टरमध्ये हिरवे बटण दाबताच कॉन्टॅक्टरच्या वेटोळ्याला वीज मिळते, कॉन्टॅक्टर ओढला जातो आणि मोटार फिरू लागते. त्याच क्षणी एक साहाय्यक संपर्क मिटतो. म्हणून बोट काढले तरी वेटोळ्याचा प्रवाह चालू राहतो. लाल बटण हा प्रवाह तोडते. वीज गेली की कॉन्टॅक्टर सुटतो आणि ती परतली तरी मोटार आपोआप सुरू होत नाही. अनेकांना हा स्टार्टरचा दोष वाटतो. वस्तुतः तो त्याचा सर्वांत मोठा गुण आहे.

मोबाइल स्टार्टर या मंडलात दोन बोटांचे काम करतो. त्याच्या एका रिलेचा उघडा संपर्क हिरव्या बटणाला समांतर जोडतात. आदेश मिळताच तो दोन-तीन सेकंद मिटतो व पुन्हा उघडतो. दुसऱ्या रिलेचा मिटलेला संपर्क लाल बटणाच्या एकसरीत येतो. मूळ बटणे काढावयाची नसतात, कारण मोबाइलला रेंज नसेल तेव्हा तीच उपयोगी पडतात. हाताच्या दांड्याने स्टारमधून डेल्टात नेण्याच्या जुन्या स्टार्टरला मात्र हे उपकरण असे सरळ जोडता येत नाही.

येथे एक बारकावा वारंवार दुर्लक्षिला जातो. अनेक कृषी स्टार्टरांत वेटोळे दोन फेजांमध्ये, म्हणजे 415 व्होल्टवर असते. 250 व्होल्टपुरता रिले तेथे वापरल्यास ठिणगीने त्याचा संपर्क चिकटू शकतो. हिरव्या बटणाला समांतर असलेला संपर्क चिकटला, तर ते बटण कायमचे दाबून धरल्यासारखे होते. लाल बटण सोडताच मोटार पुन्हा फिरते. म्हणून वेटोळ्यावरील व्होल्टेज वाचल्याशिवाय उपकरण विकत घेऊ नये.

सिमचेही तसेच. केवळ टूजीवर चालणाऱ्या उपकरणात जिओचे सिम चालत नाही. नवे उपकरण फोरजीचे घेणे दूरदृष्टीचे ठरते.

जोडणी व चाचणी

रोहित्रापासून येणारा पुरवठा मुख्य स्विचने बंद करून, तिन्ही फ्यूज काढून आणि टेस्टरने प्रत्येक फेज तपासूनच पेटीत हात घालावा. कायद्याने विद्युत संचमांडणीतील फेरफार परवानाधारकाकडून करून घेणे अपेक्षित आहे. शेतकऱ्याने उपकरण भिंतीवर बसवावे, अँटेना लोखंडी पेटीबाहेर काढावी, तारा ओळखून त्यांवर खुणा कराव्यात. शेवटचे टोक वायरमनने आवळावे, हे अधिक शहाणपणाचे.

पहिली चाचणी मोटारीच्या तारा सोडवून घ्यावी. आदेशाबरोबर कॉन्टॅक्टरचा 'कट्ट' आवाज आला आणि बंदच्या आदेशाने तो सुटला, तर नियंत्रण मंडल बरोबर आहे. प्रवाह मोजणारे उपकरण या वेळी पाणी नसल्याचा निरोप देऊन स्वतःच बंद करील. ते अपेक्षितच आहे. पुढे मोटार जोडून, नळीत पूर्ण धार असताना अँपिअर पाहावेत व कोरड्या चालीची मर्यादा त्यावरून ठरवावी. माणूस समोर नसताना फूटव्हॉल्व्ह गळून पंप रिकामा फिरला, तर तो वाचविणारी एवढी एकच सोय आहे. ओव्हरलोड रिले किंवा सिंगल फेज प्रिव्हेंटर वगळून केलेली जोडणी ही जोडणीच नव्हे.

स्वयंचलित प्रारंभाचा प्रश्न

बहुतेक उपकरणांत वीज येताच मोटार सुरू करण्याची सोय असते. जुन्या 'ऑटो स्विच'चेच हे नवे रूप. आणि ऑटो स्विच काढून टाकावेत असे आवाहन महावितरण वेळोवेळी करीत आले आहे. त्याचे कारण साध्या गणिताने समजते. 5 अश्वशक्तीची मोटार चालू असताना साधारण साडेसात अँपिअर घेते. थेट सुरू होताना त्याच्या सुमारे सहापट, म्हणजे 45. 63 केव्हीए रोहित्राची क्षमता सुमारे 84 अँपिअरची. अशा 10 मोटारी एकामागून एक सुरू झाल्या तर 75 अँपिअरमध्ये भागते. एकाच क्षणी सुरू झाल्या तर मागणी 450वर जाते. व्होल्टेज कोसळते, मोटारी अडखळतात, फ्यूज उडतात आणि प्रसंगी डीपी जळते. ती बदलून मिळेपर्यंत पीक थांबत नाही. स्वयंचलित प्रारंभ ठेवावयाचाच असेल, तर एका डीपीवरील शेतकऱ्यांनी बसून प्रत्येकाचा विलंब वेगळा ठरवावा. कोणाचा 2 मिनिटे, कोणाचा 5. उपकरणांत ही सोय असते, तिचा वापर मात्र क्वचित दिसतो.

याहून गंभीर बाब माणसाची आहे. पूर्वी मोटार सुरू करणारा विहिरीजवळ उभा असे. आता तो गावात असतो. विहिरीत उतरलेल्या सालदाराची त्याला कल्पना नसते. फोन बंद ठेवून भागत नाही, कारण त्याच क्रमांकाला जोडलेला मुलाचा फोन अमरावतीत असू शकतो. म्हणून पाइप वा केबलला हात लावण्यापूर्वी मुख्य स्विच पाडून तिन्ही फ्यूज काढावेत आणि उतरणाऱ्याने ते स्वतःच्या खिशात ठेवावेत.